ढगामागचा ढग

पाऊस रंगीत असतो हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडायची, त्यामुळे आभाळ काही तिला दिसत नसे, आणि दर तासाभराने ती विचारायची, "पाऊस येतोय का गं?" चिपळुणात जून ते सप्टेंबर या प्रश्नाला एकच उत्तर असतं. तरी मी प्रामाणिकपणे उत्तर द्यायचं ठरवलं आणि मोबाइलवर शोधत शोधत रडारच्या चित्रापर्यंत पोचले. हिरवा म्हणजे रिमझिम, पिवळा म्हणजे बऱ्यापैकी, लाल म्हणजे धो धो, आणि लालाच्या पोटात जांभळं दिसलं तर गारा. "आई, अकरा मिनिटांत येतोय," असं सांगून मी दोरीवरचे कपडे काढायला जायचे. आई घड्याळाकडे बघत पडून राहायची. वेळ जुळली की म्हणायची, "आली बघ तुझी गाडी वेळेवर."

आई गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. मागोमाग नोकरीही संपली. पस्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले. लग्न केलं नाही, तेव्हा घरात आता मी एकटीच. रडार बघायची सवय तेवढी राहिली. पाऊस कधी येणार हे मला आजही मिनिटावर सांगता येतं, पण विचारणारं कुणी उरलेलं नाही, आणि दोरीवर कपडे फक्त माझे असतात.

माझ्यासारख्या पाऊसवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सोलापूरकडचे लोक एप्रिल-मेमध्ये वळवाच्या ढगांचे फोटो टाकतात. पायापासून डोक्यापर्यंत अख्खा ढग, खाली एका बाजूला पावसाचा पडदा, वर पसरट माथा. आमच्या कोकणात असा ढग दिसणं शक्य नाही. डोंगर मध्ये येतो, झाडं मध्ये येतात, आणि ढग दिसेपर्यंत आपण भिजलेले असतो. तेव्हा निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, मी सोलापूरला जायचं ठरवलं, तेही एप्रिलात. आमच्या दूधवाल्याला आठ दिवस दूध नको म्हटल्यावर त्याने कारण विचारलं आणि ऐकून पुन्हा विचारलं, "नक्की सोलापूर?"

सोलापूर

सात रस्त्याजवळच्या लॉजवर मॅनेजरने वही पुढे केली.

"संगट कोन हाय?"

"कोणी नाही."

"लग्नाला आलाय व्हय?"

"नाही. ढग बघायला."

त्याने पेन खाली ठेवलं. दाराबाहेरच्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बघितलं. "हितं?" एवढंच म्हणाला आणि मला दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली, कारण तिसऱ्यावरच्या तापतात म्हणे. दुसऱ्या मजल्यावर नळ उघडला तर चहा करण्याजोगं पाणी आलं. गार पाण्याचा नळ कुठला असं मी खाली जाऊन विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "त्योच."

इकडच्या ढगांची चित्रं मी ज्या रडारवर बघत आले ते सोलापुरातच आहे, म्हणून आधी त्याचं दर्शन घ्यावं असं मनात होतं. रिक्षावाल्याला मी सांगितलं, उंचावर एक पांढरा गोळा असतो. "मालूम है, बैठो," तो म्हणाला. अर्धा तास उन्हातून नेऊन त्याने मला एका पाण्याच्या टाकीखाली उभं केलं. मी म्हटलं, ही टाकी आहे. त्याला ते पटलं नाही. "गोल है, सफेद है, उप्पर है. येइच है मॅडम." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी टाकीचा फोटो काढला. येताना आरशातून बघत त्याने विचारलं, "घरवाले नै आए?" मी नाही म्हटलं. मग त्याने आरसा थोडा हलवला.

रात्रीच्या जेवणाला खाणावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर वाढणारी ओशाळते. इथे ती मुद्दाम कडक करतात, पाकिटात घालून विकतातही, आणि चटणीत तेल घालून कुस्करली की खरंच थांबवत नाही. मी चौघांच्या टेबलावर बसले होते. वेटर आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि समोरचे तीन ग्लास उचलून नेले. पस्तीस वर्षं एकटीने डबा खाल्लेली बाई मी, पण त्या वेळी मला फार एकटं वाटलं. निम्मी भाकरी कागदात बांधून घेतली आणि उठले.

फाट्यावर

दुसऱ्या दिवशी मोहोळला जाऊन बार्शीची गाडी पकडली. दुपारी दोनच्या सुमारास रडारवर एक हिरवा ठिपका उमटला, पुढच्या चित्रात तो पिवळा झाला, आणि मी मान वर करून खिडकीबाहेर बघितलं तर तो तिथे खराखुरा उभा होता. कंडक्टरला बेल मारायला सांगितली. "हितं कोन हाय तुमचं?" त्याने विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्याने आणखी दोन प्रवाशांना साक्षीला ठेवल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं आणि मला एका फाट्यावर उतरवलं.

काय सांगू. ज्वारी काढून झालेली रानं, कडब्याच्या गंजी, मधूनच एखादी बाभूळ, आणि त्यापलीकडे तो ढग. तीस-चाळीस किलोमीटर तरी लांब असेल, पण त्याचं सगळं दिसत होतं. माथा वर फुगत होता, इतका हळू की बघता बघता कळत नव्हतं, पण मान वळवून पुन्हा बघितलं की वाढलेला. खाली करड्या पावसाची एक पट्टी जमिनीला टेकली होती. मी जिथे उभी होते तिथे कडक ऊन. मी ग्रुपवर फोटो टाकला. सात अंगठे आले. मग मी मोबाइल पिशवीत ठेवला आणि मला चक्क रडू आलं. असं काही दिसल्यावर कुणाच्या तरी दंडाला धरून "बघ, बघ" म्हणावंसं वाटतं, आणि हाताशी फक्त बाभळीचं खोड होतं.

"ओ बाई, झाडाखालनं व्हा बाजूला. ईज तितंच पडती."

स्कूटीवर एक बाई थांबली होती. डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, पायाशी तेलाचा कॅन. विजा चमकताना झाडाखाली उभं राहू नये हे मी ग्रुपवर लोकांना ओरडून सांगत असते. मी निमूट बाजूला झाले.

"कुटं सोडू?"

"कुठंच नाही. हा ढग बघायचा होता."

"एकट्याच?"

"हो."

तिने एकदा ढगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बसा मागं. आमच्या शेडवरनं ह्येच्यापरीस बरा दिसतो."

शेड

तिचं नाव कमल. वय पंचेचाळीसच्या आसपास. दोन एकर द्राक्ष आणि बेदाण्याची शेड ती एकटी बघते. नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगा पुण्यात. कामाला शेजारची सरसा येते, ती अंधार पडायच्या आत घरी जाते. "मग घरात मी आन् ह्यो," असं म्हणून कमलने शेडच्या खांबाला टांगलेला जुना रेडिओ दाखवला. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. मिडियम वेव्हवर कुठलंसं लांबचं कन्नड स्टेशन लागतं, ते ती दिवसभर लावून ठेवते.

बेदाणा कसा होतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. तेलाच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं जाळीच्या मजल्यांवर पसरतात, एकावर एक आठ-दहा मजले, वर पत्रा, आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या. पंधरा दिवस ती तिथेच सुकतात. बाजूंना गुंडाळून ठेवलेले प्लॅस्टिकचे पडदे असतात. पाऊस आला की ते पाडायचे. पण उगाच पाडून चालत नाही. आत वाफ कोंडते आणि हिरवा माल काळवंडतो. उघडे ठेवले आणि पाऊस आला, तर भिजून काळवंडतो. म्हणजे रोज संध्याकाळी कमलपुढे एकच प्रश्न, पडदे पाडायचे की नाही. शेडमध्ये तिचा या सालचा शेवटचा माल होता, आणि तो चार दिवसांत उतरायचा होता.

"तुला कसं कळतं?" मी विचारलं.

"रेडिओ खरखरला की पाडती. ईज चमकली की खरखरतो त्यो."

मला हसू आलं, ते मी लपवलंही नाही. रेडिओला दिशा कुठे कळते, मी म्हटलं, लातूरला वीज चमकली तरी तो खरखरेल. मग मोबाइल काढून तिला रडार दाखवलं. हे सोलापूर, हा ढग, ही तुझी शेड, आणि हा ढग मोहोळच्या बाजूने निघून जाणार, इकडे येणार नाही. कमलने दोरीला घातलेला हात काढला. आम्ही दोघी घराच्या उंबऱ्यावर बसून वाट बघत राहिलो. ढग गेला मोहोळच्या बाजूने.

"दोन दिस ऱ्हावा की ताई," ती म्हणाली. "ढगच बघायचे तर हितनं बघा."

मी लॉजवर फोन करून खोली सोडली; सामान काय, सगळं पिशवीतच होतं. रात्री ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगांची आमटी. मी भात मागितला तर कमलने काळजीने विचारलं, "बरं वाटंना व्हय?" आमच्याकडे भात नसेल तर ते जेवण नव्हे, इथे भात मागितला की माणूस आजारी. जेवताना तिने माझ्या नोकरीचं विचारलं. मी तिला एक्स-रेतली गंमत सांगितली. समोरून छातीचा फोटो काढला की मध्ये हृदयाची सावली पडते, आणि तिच्यामागे फुप्फुसावर डाग असला तर तो दिसतच नाही. म्हणून शंका असेल तर बाजूने दुसरा फोटो काढायचा. "एका फोटोवर भरवसा ठेवायचा नाही," मी मोठ्या रुबाबात म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी सांगितलं, आज येणार, साडेपाचला. पडदे पाडले. पाच वीसला आला. सरसा पदराने तोंड झाकून माझ्याकडे बघत राहिली आणि कमल म्हणाली, "ताई, तुमी तर टायमावर आनला." हुबेहूब आई बोलली असती तसं. मी तोंड फिरवून घेतलं. माझं ऐकून कुणीतरी दोरी ओढली होती. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावरून कुठे एक चिमटाही हलला नव्हता. त्या रात्री मी इतकी खुशीत होते की कमलच्या रेडिओवरची न कळणारी गाणीही गुणगुणले.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून नुसती तलखी. दुपारी चारला दक्षिणेकडे, सोलापूरच्या बाजूला, एक ढग उठला. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा. रडारवर लाल, पोटात जांभळा, आणि चाललेला सरळ पूर्वेला. रडारच्या बाजूने बघितलं तर त्याच्यामागे, आमच्याही उत्तरेला, फिकट हिरव्या रंगाचा एक पुसट फराटा होता.

कमल दोरी हातात धरून उभी होती. "ताई, रेडिओ लई खरखरतोय की."

"तो या ढगाचा."

"पाडू का पडदे?"

"नको. हा पूर्वेला चालला. मागे नुसते शिंतोडे आहेत."

हे मी मोबाइलवरून नजर न काढता म्हटलं. कमलने दोरी सोडली. आज मालाला वारा हवाच होता. सरसाला तिने लवकर घरी पाठवलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. रडार आणि लांबचा ढग यांच्या मध्ये जोराचा पाऊस आला, तर रडारच्या लहरी त्या पावसातच खर्ची पडतात. मागचा ढग केवढाही असो, चित्रात तो फिका दिसतो. हे मी ग्रुपवर नवीन लोकांना चार वेळा समजावून सांगितलं आहे, एक्स-रेचंच उदाहरण देऊन. शेडच्या उत्तरेला धूळ अडवायला हिरवी जाळी लावलेली होती. उठून ती जाळी बाजूला केली असती तरी पुरलं असतं. मी उठले नाही. समोरचा ढग फार सुंदर होता, आणि मला विचारलं गेलं होतं, आणि उत्तर मला येत होतं.

वीस मिनिटांनी दक्षिणेचा ढग पूर्वेला सरकला, त्याचा गडगडाट लांब गेला. रेडिओ मात्र खरखरतच होता, उलट जास्तच. हे माझ्या लक्षात आलं होतं, आता मी खोटं बोलणार नाही. मग पाठीला गार वारा लागला.

कमलने जाळी वर केली. पलीकडे आभाळ नव्हतंच, काळीकुट्ट भिंत होती आणि तिच्या बुडाशी पांढुरका हिरवा उजेड. त्याच वेळी मोबाइलवर नवं चित्र आलं. पुढचा ढग बाजूला झाला होता आणि मागचा आमच्या डोक्यावर टेकला होता, लाल, जांभळा. तो आत्ता जन्मलेला नव्हता. तो सगळा वेळ तिथेच होता.

पुढचं धड आठवत नाही. पत्र्यावर गारांचा असा आवाज, की कमल शिडीवरून काय ओरडते ते ऐकू येत नव्हतं. पडद्यात वारा भरला, दोरी माझ्या हातातून सरकली आणि तळव्याची सालटी निघाली. दोघींनी मिळून उत्तरेचा पडदा पाडेस्तोवर गारा आत येऊन जाळ्यांवर घरंगळत होत्या.

पाऊस थांबला तेव्हा उत्तरेकडच्या तीन रांगा खालपर्यंत भिजल्या होत्या. कमल वाकून बेदाण्यांतून एकेक गार वेचायला लागली. मीही वेचायला लागले. रेडिओवर कुणी बाई कन्नडमध्ये काहीतरी आनंदाने सांगत होती.

"कमल, माझी चूक झाली."

"व्हय," ती म्हणाली.

तिने एवढंच म्हणावं आणि ते खरं असावं, हे फार लागलं. थोड्या वेळाने ओंजळभर गारा बाहेर फेकून ती म्हणाली, "तुमी फोटूकडं बघत होता, मी तुमच्याकडं बघत होती. मागं कुनीच बघितलं न्हाय."

बार्शी

सकाळी आम्ही तिघींनी भिजलेल्या रांगा उतरवून पुन्हा पसरल्या. तो माल आता काळाच होणार होता. सरसा माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. दुपारी कमलने मला स्कूटीवरून बार्शीच्या स्टँडवर आणून सोडलं. मी तिचा नंबर घेतला आणि माझा चिठ्ठीवर लिहून दिला. तिने न वाचताच बटव्यात ठेवला. पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली, आदल्या दिवशी भिजलेले बेदाणे. "खायला काय हुत न्हाय," म्हणाली. गाडी हलताना "परत यावा" असंही म्हणाली. म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाली, असं मला सगळ्या वाटेत वाटत राहिलं. आभाळात पुण्यापर्यंत ढग होते. मी एकाही ढगाकडे नीट बघितलं नाही.

चिपळूण

घरी येऊन ग्रुपवर सगळं जसं घडलं तसं लिहिलं, लपवाछपवी न करता. त्यालाही अंगठे आले. मे महिनाभर मी रडारवर फक्त एकच जागा बघत होते, मोहोळ आणि बार्शीच्या मधली. दोनदा तिथे लाल दिसलं. दोन्ही वेळा फोन हातात घेतला, आणि लावला नाही. कुठल्या तोंडाने सांगणार. पुडीतले काळे बेदाणे रोज दोन-दोन खायचे. चवीला काही फरक नव्हता, हे मात्र खरं. जून उजाडला तशी पुडी संपली, आणि तो विषयही संपला असं मी धरून चालले.

जुलैतल्या एका दुपारी फोन वाजला, मी नंबर न बघताच उचलला.

"वळकलं न्हाय व्हय? रेडिओवाली."

मी ताठ बसले. "थांब, बघते," म्हणून घाईघाईने रडार उघडलं. "तुमच्याकडे काही नाही गं. आज तरी काहीच नाही. पण तू मागे वळून बघ हां आधी, एकट्या माझ्यावर..."

"आवो ताई, ऱ्हाऊ द्या की ते. शेड मोकळी हाय आता. पडला तर पडला." मागे रेडिओ चालू होता, स्वच्छ, जराही खरखर नसलेला. "मी आपला सहज केला. तुमच्याकडं काय हाय? पाऊस येतोय का?"

आईनंतर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तरासाठी मोबाइल कानापासून काढायला गेले, मग तसाच धरून उठले आणि दार उघडलं. अंगणात धो धो कोसळत होता. कधीपासून, कोण जाणे.

"येतोय," मी म्हटलं. "कपडे भिजले गं माझे."

"मग काढा की," कमल म्हणाली. "मी थांबती."

मी फोन कट्ट्यावर ठेवला आणि कपडे काढायला गेले.